नानांच्या बरणीतली भावंडं

माझ्या सासऱ्यांना, आमच्या नानांना, ‘वेगळं’ हा शब्द खपत नसे. नुसता शब्दसुद्धा. भेळवाल्यानं “चटणी वेगळी बांधू का?” असं सहज विचारलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. “एकातच घाल,” असं ते म्हणायचे, आणि मग घरी येईस्तोवर लगदा झालेली ती भेळ आम्ही सगळे मुकाट्यानं खायचो. लग्नसराईत अख्ख्या घराला एकाच ताग्यातलं कापड यायचं. एका लग्नात नाना, माझे मोठे दीर, आमचे हे आणि घरातली झाडून सगळी मुलं एकाच निळ्या चौकड्याच्या शर्टांत मांडवात उभी होती. नवरीकडच्या एका गृहस्थांनी जवळ येऊन विचारलं, वाजवायला कधी सुरुवात करणार? आम्हा बायकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाना मात्र खूश. “एका घरची वाटलो ना? मग झालं,” म्हणाले.

पुढे त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा डॉक्टरांनी नेमका नको तो शब्द वापरला. नानांची भाजी आता वेगळी करत जा, मीठ अगदी कमी घाला, असं त्यांनी माझ्या जाऊबाईंना सांगितलं. नाना तिथल्या तिथे उठून बाहेर गेले. घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की आपल्या एकट्यासाठी दुसरं पातेलं चढणार नाही, सगळ्यांना होईल तेच आपण खाऊ. झालं. तेव्हापासून अख्खं घर अळणी जेवू लागलं. जाऊबाई पदराआड पापड न्यायच्या. मोठे दीर मळ्यात कांदा फोडून त्याला मीठ लावून खायचे. मी निफाडला माहेरी गेले की लोणच्यावर अशी तुटून पडायची की आईनं एकदा हळूच विचारलं, तिकडे पोटभर वाढतात ना गं रूपाली? सासऱ्यांच्या मायेपायी आम्ही अळणी जेवतो, हे तिला सांगून काय पटणार होतं?

आणि माया होतीच, त्यात खोट नव्हती. घरातलं शेवटचं माणूस आल्याशिवाय नाना ताटावर बसत नसत. आमच्या ह्यांचं शहरात द्वारका चौकात ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान. चौकातल्या गर्दीत हे अडकले की इकडे मळ्यात आमची जेवणं अडकायची. मुलं पेंगायची, भात गार व्हायचा, आणि नाना ओसरीच्या पायरीवर बसून रस्त्याकडे बघत राहायचे. गाडीचा दिवा दिसला की त्यांचा चेहरा असा मोकळा व्हायचा की भुकेनं आलेला आमचा राग तोंडातल्या तोंडात विरून जायचा.

आमचा मळा मखमलाबादच्या अंगाला आहे. शहर आता बांधाला येऊन टेकलंय. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत उभं राहिलं की आमची शेवंती दिसते. शेती बघायचे ते माझे मोठे दीर, त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. स्वयंपाकघर एक, त्यातली शेगडी एक, आणि त्या शेगडीपुढे आम्ही दोघी जावा, अक्का आणि मी. अक्का पहाटे उठणारी, मी मुलांच्या शाळेच्या वेळेवर. ती भाजीला गूळ घालणारी, मी न घालणारी. यात कुणाचं चुकतं असं नाही, पण रोज सकाळी एकाच ओट्यावर चार कोपरं एकमेकांना लागायची. शेवटी शेवटी तर आम्ही मुलांमार्फत बोलायला लागलो होतो. “काकूला सांग, डाळ भिजत घातलीय.” काकू हातभर अंतरावर उभी असायची.

एकदा मी ह्यांना म्हटलं, मागच्या खोलीत मला एक छोटीशी शेगडी द्या, बाकी काही नको. मी ते हळू आवाजात म्हटलं होतं, पण मळ्यात भिंतींना कान भरपूर. आठवड्याभरात ते सगळ्या भावकीत पोचलं. एका हळदीकुंकवाला माझ्या कपाळाला कुंकू लावता लावता एका बाईनं विचारलं, “तूच का ती धाकटी, चूल वेगळी मागणारी?” बोट कपाळावर तसंच होतं तिचं. मी वाण घेतलं आणि घरी आले. तेव्हापासून मी बायकांच्या घोळक्यात मागे उभी राहायला लागले. शेगडीचा विषय मी पुन्हा काढला नाही. पण नानांच्या कानावर तो गेला होताच. ते माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायचे, फक्त एक दिवस जेवताना कुणाकडेच न बघता म्हणाले, “मी हाये तवर या घरात दोन चुली पेटायच्या नाय.”

ते असं का म्हणतात हे मला पुढे अक्काकडून कळलं, आमचं बोलणं अजून पुरतं बंद झालं नव्हतं तेव्हा. नानांना धाकटा भाऊ होता, किसन. दोघांच्या वाटण्या झाल्या त्या कोर्टकचेरी करून, बांधावर एकमेकांवर फावडं उचलून. त्यांचा बाप ते भांडण चालू असतानाच वारला. वाटणीच्या दिवशी गावातनं चालताना लोक नानांना तोंडावर म्हणाले, घर फोडलंस. किसनकाका जमीन विकून दूर निघून गेले, आणि ते वारले तेव्हा नानांना निरोप आला तो अग्नी देऊन झाल्यावर. या गोष्टीची नानांना इतकी शरम होती की किसनकाकांचं नावही ते घेत नसत. मुलांनी विचारलं तर म्हणायचे, मला भाऊच नव्हता.

तर अशा आमच्या नानांनी एका सकाळी टोपीतून कोळी घरी आणले.

दसऱ्याचा झेंडू निघून गेला होता आणि शेवंती कळ्यांवर होती. नाना शेडमध्ये क्रेट रचत होते. खाली न बघता त्यांनी एक क्रेट ठेवलं आणि खालून काहीतरी चिरडल्याचं त्यांना जाणवलं. क्रेट उचलून बघतात तर एक मोठी करडी कोळीण मेलेली, आणि तिच्या अंगावरून तिळाएवढी पिल्लं सैरावैरा पळतायत. ही जात जाळं विणत नाही, पळून शिकार करते. आई अंड्यांची पिशवी अंगाला बांधून फिरवते आणि पिल्लं बाहेर आली की सगळ्यांना पाठीवर घेऊन हिंडते. हे मला नंतर मोबाईलवर वाचून कळलं. नानांना त्या क्षणी दिसलं ते एवढंच की आपण एका आईला मारलं.

ते घरात आले तेव्हा त्यांचं डोकं उघडं होतं. नानांना बिनटोपीचं मी तोवर पाहिलंच नव्हतं. टोपी दोन्ही हातांत धरलेली, वर केळीचं पान झाकलेलं. “लेकुरवाळी व्हती गं ती,” अक्काला म्हणाले. “सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालली व्हती, आन् मी आंधळ्यावानी वर क्रेट ठिवलं.” मग एखादं मूल चुकून कुणाचं तरी भांडं फोडतं आणि सगळ्यांसमोर उभं राहतं, तसे उभे राहिले. अक्कानं लोणच्याची मोठी काचेची बरणी, घर अळणी झाल्यापासून रिकामीच पडलेली, धुतली, उन्हात वाळवली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

नानांनी बरणीत माती घातली, वाळक्या काड्या घातल्या, ओला कापूस ठेवला, तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि बरणी ओसरीच्या खिडकीत मांडली. पिल्लांना खायला चिलटं लागतात हे मी शोधून सांगितलं. मग चिलटं व्हावीत म्हणून नानांनी वाडग्यात केळी कुजत ठेवली. ओसरीत तो वास भरला. एकदा भाऊंच्या मोठ्या मुलीसाठी स्थळ घेऊन पाहुणे आले होते. चहा घेता घेता त्यांच्यातल्या एका मावशीबाईंनी नाकाला पदर लावला, खिडकीकडे बघितलं आणि विचारलं, यात काय आहे? नाना मोठ्या कौतुकानं म्हणाले, “भावंडं हायेत. सगळी एकत्र राहतेत.” मावशीबाई बरणीजवळ गेल्या आणि त्यांची किंकाळी मळ्यात ऐकू गेली. ते स्थळ अर्थात परत आलं नाही. अक्कानं दोन दिवस नानांपुढे ताट आदळलं. मला हसूही येत होतं आणि घरची अब्रू चव्हाट्यावर आल्यासारखंही वाटत होतं.

नानांचा जीव मात्र त्या बरणीत गुंतला होता. सकाळी उठले की आधी बरणी, मग चहा. कुणी पाहुणा आला की त्याला खिडकीशी नेऊन दाखवायचे. “बघा, आई नाय, बाप नाय, तरी एका घरात कशी नांदतेत.” हे वाक्य ते जरा मोठ्यानं म्हणायचे, स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतकं. मी पोळ्या लाटत असायचे. माझं लाटणं तेवढ्यापुरतं थांबायचं.

तेव्हाच एका दुपारी मी मोबाईलवर या पिल्लांविषयी पुढचं वाचलं. ओसरीत नाना होते, भाऊ होते, हे दुकानातून जेवायला आले होते, अक्का गवार मोडत बसली होती. मी बेसावध होते. वाचलं तसं बोलून गेले, “नाना, ही पिल्लं आता वेगवेगळी ठेवायला हवीत. एकत्र राहिली की एकमेकांना खातात.”

मी कोळ्यांबद्दल बोलत होते. पण ओसरीतल्या एकालाही तसं वाटलं नाही. अक्का गवार मोडायची थांबली. भाऊ उठून बाहेर गेले. ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी सगळ्यांसमोर त्यांचं नाव धुळीला मिळवलंय. नाना शांतपणे म्हणाले, “मोबाईलमधी काहीबी लिहितेत. एका आईची लेकरं हायेत ती.” मी मोबाईल पदराखाली घेतला आणि आत गेले. कोळ्यांचं खरं सांगायचीसुद्धा मला लाज वाटावी अशी त्या घरात माझी जागा झाली होती.

बरणीतली पिल्लं कमी होत होती. हे सगळ्यांना दिसत होतं, नानांनाही. तळाशी इवल्याइवल्या पायांची फोलपटं पडलेली असायची. नाना म्हणाले, कात टाकतेत, वाढतेत म्हणजे. ते काही प्रमाणात खरंही होतं. पण मग बाकीची कुठे गेली? नानांनी ठरवलं की फडक्यातून निसटतायत. फडकं दुहेरी केलं. तरी कमी झाली. मग त्यांनी विचारलं, बरणी कुणी उघडतं का? अक्का म्हणाली, मी तर हातसुद्धा लावत नाही. तिनं पुढे काही म्हटलं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला झुरळापासून पालीपर्यंत सगळ्याची भीती वाटते हे घरात जगजाहीर होतं. मी शपथ घ्यायला तोंड उघडलं तर नानाच म्हणाले, जाऊ दे. तो ‘जाऊ दे’ मला फार लागला. त्यांनी माझ्यावर आरोप केला नाही, मला माफ केलं. जे मी केलंच नव्हतं त्याबद्दल.

आणि याच दिवसांत विहिरीवरची मोटर जळाली. हे म्हणाले, दुकानातून येताना मी मिस्त्री घेऊन येतो. आणि विसरले. दुसऱ्या दिवशीही विसरले. ऐन कळ्यांवरची शेवंती उन्हानं मान टाकू लागली. भाऊ दिवसभर पाण्याच्या घागरी वाहत होते. संध्याकाळी सगळे पंगतीला बसलो तेव्हा ते ताटाकडे बघून म्हणाले, “पंख्याखाली बसणाऱ्याला पाणी काय कळणार?” हे म्हणाले, दुकान काही देवानं पंख्याखाली मांडून दिलं नव्हतं. शब्दाला शब्द लागत गेला. कुणी काय म्हटलं ते आज आठवत नाही, पण वाक्यं अशी होती की ती बऱ्याच वर्षांपासून पोटात ठेवलेली होती हे कळत होतं. शेवटी ह्यांनी ताट सरकवलं, दोघे उभे राहिले आणि भाऊंनी हातातला तांब्या उगारला. मुलं रडायला लागली. नाना दोघांच्या मध्ये कधी आले ते मला दिसलंच नाही. तांब्या खाली आला नाही, पण उगारला गेला होता. सगळे आपापल्या खोल्यांत गेले. अन्न तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांना चहा द्यायला ओसरीत गेले. ते बरणी उन्हात धरून बघत बसले होते. माझी चाहूल लागली तरी त्यांनी मान वळवली नाही. “हे काय करतंय गं?” त्यांनी विचारलं. मी वाकून बघितलं. एक पिल्लू इतरांपेक्षा बरंच मोठं झालं होतं. त्यानं दुसऱ्याला धरलं होतं. धरलेल्याचे पाय अजून हलत होते.

ते पाय हलायचे थांबेपर्यंत नाना बघत राहिले. मग बरणी खाली ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. “तू सांगितलं व्हतंस,” म्हणाले. मी म्हटलं, जाऊ द्या नाना, तुम्हाला काय माहीत? ते म्हणाले, “निसटलं एकबी नाय. मी तोंड बांधून ठिवलं, आन् येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवलं.” चहावर साय आली तरी त्यांनी कप उचलला नाही. त्यांचे कान लाल झाले होते. इतक्या मोठ्या माणसाला आपल्यासमोर लाजताना बघणं फार वाईट असतं. मला तिथून निघूनही जाता येईना.

मग त्यांनी विचारलं, “पोरी, ह्यांना वेगळं काढायला काय काय लागंल?”

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. घरात कुठल्याशा लग्नातून उरलेले चहाचे प्लास्टिकचे ग्लास होते, ते मी आणले. मुलांचा रंगवायचा मऊ ब्रश आणला. नाना ब्रशनं एकेक पिल्लू हळूच चढवून घेत आणि मी ग्लास पुढे करत असे. अक्का दारात येऊन उभी राहिली. मग आतून दूध गाळायचं जुनं फडकं आणून तिनं त्याचे चौकोन फाडले आणि एकेका ग्लासाच्या तोंडाला रबरानं बसवायला लागली. खिडकीच्या फळीवर ग्लासांची ओळ उभी राहिली, प्रत्येकात एकच. नानांनी ओळीवरून नजर फिरवली आणि उठून अंघोळीला गेले.

संध्याकाळी त्यांनी मला मळ्यात बोलावलं. बांधावर बसले होते. माझ्याकडे बघत नव्हते, शेवंतीकडे बघत होते. तिथे त्यांनी पहिल्यांदा माझ्यासमोर किसनकाकांचं नाव घेतलं.

“किसन्या आन् मी वेगळं झालो म्हणून तुटलो, असं मी आजवर समजत आलो,” ते म्हणाले. “तसं नव्हतं. आम्ही तुटून झाल्यावर वेगळं झालो. बापानं वेळेवर काढलं असतं तर बोलत राह्यलो असतो आम्ही. काल थोरल्यानं तांब्या उचलला तवा मला फावडं दिसलं.”

मी पायानं माती उकरत उभी राहिले. मग ते म्हणाले, “तुझी चूल कुठं मांडायची ते सांग.”

जे मला कित्येक वर्षं हवं होतं ते असं हातात आलं, आणि मला ते घेता येईना. मी म्हटलं, नको नाना, लोक काय म्हणतील? माझ्यामुळे तुमचं नाव जाईल. ते म्हणाले, “म्हणतील. म्हणू दे मला. तू का मधी येतीस?”

मागची क्रेट आणि खतं ठेवायची खोली रिकामी झाली. भाऊंनी स्वतः तिला चुना दिला, कुणी न सांगता. हे दुसऱ्याच दिवशी मोटरचा मिस्त्री घेऊन आले, या वेळी न विसरता, आणि मोटर सुरू झाल्यावर गवंडी आणून माझा ओटा बांधून घेतला. नव्या शेगडीवर मी रीतीप्रमाणे दूध उतू जाऊ दिलं. नाना दारात उभे होते. दूध उतू गेलं तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. नानांनीही जोडले, पण त्यांची मान खाली होती, आणि ती लवकर वर आली नाही.

त्यांनी सगळा दोष आपल्या अंगावर घ्यायचं ठरवलं होतं. दूध डेअरीवर, देवळाच्या ओट्यावर, जिथे चार माणसं असतील तिथे ते आपणहून सांगायचे, मी काढलं पोरांना वेगळं. आणि ज्या माणसानं आयुष्यभर एकत्र घराची फुशारकी मारली त्याला हे सांगताना काय वाटत असेल ते मला त्यांच्या चालण्यावरून कळायचं. पूर्वी गावातून ताठ चालणारे नाना आता पाटाच्या कडेनं, मागच्या वाटेनं घरी यायचे. लोकांना तर त्यांचं बोलणं पटलंच नाही. म्हातारा धाकट्या सुनेवर पांघरूण घालतोय, असं म्हणायचे. म्हणजे शरम दोघांच्याही वाट्याला आली. ते माझ्यासाठी खाली बघायचे आणि मी त्यांच्यासाठी.

नाना सकाळी अक्काकडे जेवायचे आणि संध्याकाळी माझ्याकडे. पहिल्या संध्याकाळी ते माझ्या दारात पाहुण्यासारखे थांबले. आत या म्हटलं तेव्हा आले, बसले आणि ताटातल्या वाट्या निरखत राहिले. मी त्यांची अळणी भाजी निराळ्या पातेल्यात केली होती. आता रागावतात की काय, म्हणून मी उभीच होते. त्यांनी एक घास घेतला, मुलांच्या ताटांकडे बघितलं, मुलं मिठाची भाजी मिटक्या मारत खात होती. “इतके दिस उपाशी मारलं म्हणा की मी तुम्हाला,” एवढंच म्हणाले आणि जेवायला लागले.

अक्का आणि मी पुन्हा कधी बोलायला लागलो हे नेमकं सांगता येणार नाही. मला वाटतं तिनं विरजण आणून दिलं तेव्हा. नव्या घरात दही लावायला माझ्याकडे विरजण नव्हतं आणि मागायला मी लाजत होते. ती वाटी घेऊन आली, ओट्यावर ठेवली, माझी मांडामांड बघितली आणि म्हणाली, मिठाचा डबा गॅसच्या इतका जवळ ठेवू नकोस, ओलावतो. जुन्या स्वयंपाकघरात हेच वाक्य मला टोचलं असतं. इथे मी डबा सरकवला आणि चहा टाकला. ती बसली. त्यानंतर ती रोजच यायला लागली. भाऊ आणि हे तर बांधावर उभे राहून तासन्‌तास बोलू लागले, मोटरीवर, पाण्यावर, कशावरही.

ग्लासांतली पिल्लं चांगली पोसली गेली. ती मोठी झाल्यावर नानांनी ती शेवंतीत सोडली. मी सोबत गेले होते. एका सरीत एक सोडायचं, मग बरंच चालून दुसऱ्या सरीत दुसरं. मी म्हटलं, नाना, उन्हात किती फिरताय, जवळजवळ सोडा की. ते म्हणाले, “नको. भेटायचं आसंल तर भेटतील त्यांचे ते.” आणि पुढच्या सरीकडे गेले.

त्यानंतर नाना फार जगले नाहीत. गेले ते सकाळी, अक्काकडे चहा पिऊन, ओसरीत बसल्या बसल्या. शेवटपर्यंत ते पाटाच्या कडेनंच घरी येत राहिले. त्यांना मी कधी सांगू शकले नाही की तुम्ही मान वर करून चाला, तुमच्यामुळे या घरात दोघं भाऊ बोलतायत. सुनेनं सासऱ्याला असं सांगायची आमच्यात पद्धत नाही, आणि तेवढं धैर्यही माझ्यात नव्हतं.

परवा त्यांचं वर्षश्राद्ध झालं. ओसरीत भावकी बसली होती, माझ्या माहेरची माणसं होती, त्या हळदीकुंकवाच्या बाईसुद्धा होत्या. गुरुजी नवीन होते, त्यांना घरचं काही माहीत नव्हतं. मांडणी करता करता त्यांनी विचारलं, “भाऊ एकत्र आहात की विभक्त? विभक्त असाल तर ज्याचं त्यानं वेगळं करावं लागेल.”

एकेक मान माझ्याकडे वळली. मी जमिनीकडे बघत राहिले. माझे कान तापले होते. इतक्या वर्षांनीही तो प्रश्न माझ्याच कपाळावर येऊन टेकला होता.

भाऊ फार बोलणारा माणूस नाही. माझ्याशी तर ते कामापुरतंच बोलतात. ते पाटावरून उठले, सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, “विभक्त हावोत गुरुजी. रूपालीनं नाय काढलं आम्हाला, नानांनी काढलं. मी ह्याच्या डोक्यात तांब्या घालणार व्हतो, ते त्यांनी बघितलं व्हतं. आज शेजारी बसलोय ते त्याच्यामुळं.” मग माझ्या नवऱ्याला म्हणाले, “सरक, मला जागा दे,” आणि खाली बसले.

गुरुजींनी मान हलवली आणि दुसरं ताट आणायला सांगितलं. मी उठणार तेवढ्यात अक्कानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बसवलं. “तू बस,” ती म्हणाली. “मी आणते. तुझ्या घरातलं आणू की माझ्या?”

“माझ्या,” मी म्हणाले, आणि ते ओसरीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं.